ग्रंथी म्हणजे गाठ नव्हे
(बी. ए. द्वितीय वर्ष)

सोनोग्राफी केंद्राच्या दारावर एक पाटी हमखास असते. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे’ अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर असतो. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर, कापसाची वेचणी सुरू असताना, मी माझ्या आबाजींना घेऊन तालुक्याच्या गावी अशाच एका दारात उभा होतो. आबाजींना वाचता येत नाही. त्यांनी पाटीकडे बोट दाखवून विचारले, “काय लिवलं हाय रे बाबू?” मी वाचून दाखवले. आबाजी तेथूनच मागे फिरले. म्हणाले, “मंग हे तं बायायची मशीन हाय. मले कायले आनलं इकडे?”

बाकावर बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मलाही हसू आले. परंतु पुढच्या दोन-तीन महिन्यांत ते वाक्य मला पुष्कळदा आठवले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांच्या आधी, कायदा केला आणि १९९४ साली केंद्राचा कायदा आला. तेव्हापासून ह्या यंत्राचे नाव आणि ती पाटी लोकांच्या मनात एकत्र झाली आहेत. आमच्या भागात सोनोग्राफी दोनच कामांसाठी माहीत आहे. एक बाळंतपण आणि दुसरा मुतखडा. म्हाताऱ्या पुरुषाच्या शरीरातील एका लहानशा ग्रंथीसाठीही ती करतात, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

मी कला शाखेचा विद्यार्थी. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. दहावीनंतर विज्ञानाचे पुस्तक उघडल्याचे आठवत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे इंग्रजीत छापलेला कोणताही कागद, मग तो बँकेचा असो, विम्याचा असो की दवाखान्याचा, माझ्यासमोर आणून ठेवला जातो. असा एक कागद मला नीट वाचता आला नाही, आणि त्यापायी आमच्या घराने तीन आठवडे जे भोगले ते दुसऱ्या कोणाच्या घरावर येऊ नये, म्हणून हा लेख लिहीत आहे. विषय संकोचाचा आहे हे मी जाणतो. पण ह्या रोगाला संकोचाइतका दुसरा सोबती नाही, असे माझे मत झाले आहे.

खारे पाणी

आमचे गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांतून हा पट्टा गेला आहे. विहिरीचे पाणी खारे, बोअरचेही खारे. मुतखड्याचे आणि मूत्रपिंडाच्या विकाराचे रोगी गावोगाव भेटतात. त्यामुळे लघवीची कोणतीही तक्रार असली, तरी आमच्याकडे निदान ठरलेले असते : “खाऱ्या पान्यानं झालं.”

आबाजींचे वय ७४. दोन-तीन वर्षांपासून ते रात्री चार-पाच वेळा उठत. लघवीची धार बारीक झाली होती, सुरू व्हायला वेळ लागे, आणि होऊनही पोट मोकळे झाले नाही असे वाटे. हे त्यांनी कोणालाही सांगितले नाही. आपले उपाय आपणच काढले. दिवेलागणीनंतर पाणी पिणे सोडले. ओसरीतली खाट गोठ्याकडे नेली. शेगावला दर्शनाला जाणे बंद केले, कारण एस. टी. मध्ये तासभर बसवत नसे. आम्हाला वाटले, म्हातारपणाने कंटाळले. सुनेसमोर काय बोलावे आणि मुलाला काय सांगावे, ह्या विचारात त्यांची तीन वर्षे गेली. शेवटी एका रात्री लघवी पूर्ण अडली. पोट नगाऱ्यासारखे ताठले. आबाजींना रडताना मी त्या रात्री प्रथम पाहिले. पहाटे तालुक्याच्या गावी दवाखान्यात नळी घातली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली.

डॉक्टरांपुढे गर्दी फार होती. कागदावर नजर टाकून ते एवढेच म्हणाले, “प्रोस्टेट ग्रंथी वाढली आहे. अमरावतीला मोठ्या डॉक्टरांना दाखवून या.” वडिलांनी घरी येऊन सांगितले, “गाठ वाढली हाय म्हन्ते.” शेजारच्या काकूंनी ते ऐकले, आणि दिवेलागणीच्या आत आबाजींना कॅन्सर झाल्याचे साऱ्या गावात झाले.

आमच्या भागाला कर्करोग हा शब्द नवा नाही. मोझरीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली ह्याच व्याधीने गेले. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. आमच्याकडे हा शब्द उच्चारला की माणूस संपला असेच समजतात. आबाजींनी अन्न टाकले. तिसऱ्या दिवशी वडिलांना आणि काकांना समोर बसवून शेताची वाटणी सांगितली आणि म्हणाले, “माह्यापायी वावर इकू नका.”

मराठीच्या तासाला सरांनी शब्दांची कुळे शिकवली होती. ‘गाठ’ हा शब्द ‘ग्रंथि’ ह्या संस्कृत शब्दापासूनच आला आहे. तेव्हा भाषेच्या दृष्टीने वडील चुकले नव्हते. परंतु वैद्यकात ग्रंथी म्हणजे शरीराला लागणारा एखादा रस तयार करणारा अवयव. लाळेच्या ग्रंथी असतात, घामाच्या असतात. त्या प्रत्येकाला जन्मापासून असतात. गाठ ही नंतर उद्भवलेली गोष्ट. एका घराची झोप उडायला शब्दाचा एवढा फरक पुरला.

ही ग्रंथी कोणती?

रिपोर्टात एक लांबलचक शब्द होता : ‘प्रोस्टेटोमेगॅली’. माझ्या खिशातल्या शब्दकोशात तो नव्हता. कॉलेजच्या ग्रंथालयात सरांनी मराठी विश्वकोशाचा पहिला खंड (१९७६) काढून दिला. तेथे ह्या अवयवाला ‘अष्ठीला ग्रंथि’ असे नाव आहे. अष्ठीला म्हणजे वाटोळा दगड. आयुर्वेदात मूत्राघाताच्या, म्हणजे लघवी अडण्याच्या प्रकारांत ‘वाताष्ठीला’ नावाचा विकार सांगितला आहे. याचा अर्थ असा, की वाटोळ्या दगडासारखे काहीतरी मूत्रमार्ग अडवते, हे आपल्या वैद्यांनी फार पूर्वी हेरले होते. वर्तमानपत्रांत तिला ‘पौरुष ग्रंथी’ म्हणतात. मी ह्या लेखात प्रोस्टेट हाच रूढ शब्द वापरतो.

ही ग्रंथी फक्त पुरुषांना असते. मूत्राशयाच्या खाली, गुदाशयाच्या पुढे तिची जागा. तरुणपणी तिचा आकार मोठ्या आवळ्याएवढा, घनफळ सुमारे २० सी. सी. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. तिची खरी अडचण जागेची आहे. मूत्राशयातून निघणारी नळी ह्या ग्रंथीच्या मधून जाते, जसा मण्यातून दोरा जावा तसा. मणी आतून फुगला की दोरा आवळला जातो.

पन्नाशीनंतर बहुतेक पुरुषांमध्ये ही ग्रंथी हळूहळू वाढते. ती वाढ साधी असते, कर्करोगाची नव्हे. येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, आणि मला ती सर्वांत उशिरा समजली. साधी वाढ नळीभोवतीच्या आतल्या भागात होते. म्हणून ती लवकर अडथळा करते, रात्री उठवते, धार बारीक करते. कर्करोग मात्र शंभरातील सुमारे सत्तर वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या, मागच्या भागात सुरू होतो. तेथे तो नळीला लागत नाही, म्हणून पुष्कळ काळ काहीच त्रास देत नाही. जी वाढ पहिल्यापासून गडबड करते ती बहुधा निरुपद्रवी, आणि जी घात करते ती सुरुवातीला मुकी! दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, हे आणखी एक कठीण काम.

पंचबोलचा प्रतिध्वनी

आता यंत्राकडे वळू. आपल्यापैकी बहुतेक जण सहलीला चिखलदऱ्याला गेले असतील. तेथे पंचबोल पॉइंटवर उभे राहून आपण हाक मारतो आणि समोरचे डोंगर ती परत करतात. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हाक मारल्यापासून दोन सेकंदांनी प्रतिध्वनी आला, तर जायला एक आणि यायला एक सेकंद लागला, म्हणजे समोरचा कडा सुमारे ३४० मीटर दूर आहे. पट्टी न लावता आपण दरी मोजली. सोनोग्राफीचे सारे शास्त्र ह्या हिशेबात आहे.

फरक आवाजाच्या जातीचा. माणसाच्या कानाला सेकंदाला २० ते २०,००० कंपनांचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. पोटाच्या सोनोग्राफीत सेकंदाला साधारण ३५ लाख कंपनांचा ध्वनी वापरतात. शरीराच्या मऊ भागांतून तो सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो, आणि जेथे एक थर संपून दुसरा सुरू होतो तेथून थोडा परततो. एक सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला सेकंदाचे दहा लाख भाग केल्यास त्यांपैकी तेरा भाग लागतात. यंत्र असे हजारो प्रतिध्वनी मोजते आणि प्रत्येकाच्या जागी पडद्यावर एक ठिपका उमटवते. प्रतिध्वनी जोरदार तर ठिपका पांढरा, मंद तर करडा, काहीच आले नाही तर काळा. मूत्राशयातील लघवी काळी दिसते, मुतखडा पांढरा चमकतो. पोटावर गार चिकट पदार्थ लावतात तो कशासाठी, असे आबाजींनी विचारले होते. यंत्राची मूठ आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहिली तर ध्वनी तेथूनच परततो, आत जातच नाही. ती हवा घालवण्यासाठी तो लेप.

ह्या यंत्रामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. काही स्फटिक दाबले असता त्यांत विजेचा भार निर्माण होतो, हे झाक आणि पिएर क्युरी ह्या बंधूंनी १८८० साली दाखवले. उलट वीज दिली की तेच स्फटिक थरथरतात आणि ध्वनी काढतात. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या पॉल लांझव्हँ यांनी पाण्याखालच्या पाणबुड्या शोधण्यासाठी ही युक्ती वापरली. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली पोटातील गर्भाची आणि गाठींची ध्वनिचित्रे प्रसिद्ध केली. प्रोस्टेटचे काम मात्र जपानात झाले. हिरोकी वातानाबे यांनी १९६७ च्या सुमारास गुदमार्गातून ध्वनी सोडून ह्या ग्रंथीची उपयोगी पडतील अशी पहिली चित्रे मिळवली. त्यांनी त्यासाठी एक खुर्चीच तयार केली होती. रोगी तिच्यावर बसे आणि बैठकीतून वर आलेली सळई आत जाई. आज अशी खुर्ची लागत नाही. रोगी कुशीवर झोपतो आणि बोटाएवढ्या जाडीची, आवरण घातलेली मूठ काही मिनिटे आत ठेवली जाते.

असे करावे का लागते? बारीक पाहायचे तर ध्वनीची कंपने वाढवावी लागतात, आणि कंपने वाढवली की ध्वनी खोल जात नाही. पोटावरून पाहताना प्रोस्टेट दूर पडते. गुदाशयाची भिंत मात्र तिला चिकटून आहे. म्हणून तेथून ५० लाख ते एक कोटी कंपनांचा ध्वनी वापरता येतो आणि चित्र स्पष्ट मिळते. आबाजींची पहिली तपासणी पोटावरून झाली होती. ‘सोनोग्राफी झाली’ असे आपण सरसकट म्हणतो, पण कोणती झाली हे विचारणे जरूर आहे.

कागद काय सांगतो?

अमरावतीच्या डॉक्टरांनी आबाजींचा कागद माझ्यासमोर धरून एकेक ओळ समजावून दिली. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. ग्रंथीची लांबी, रुंदी, जाडी ५.२, ४.८ आणि ४.६ सेंटिमीटर. तिन्हींचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणायचे, कारण ग्रंथी विटेसारखी चौकोनी नसून अंड्यासारखी वाटोळी आहे. उत्तर आले सुमारे ६० सी. सी. म्हणजे आवळ्याचे लिंबू नव्हे, चांगले संत्रे झाले होते! पुढच्या ओळीत मूत्राशयाच्या जाड झालेल्या भिंतीची नोंद होती. अडथळ्याविरुद्ध जोर लावून लावून तिला पीळ पडला होता. त्याखाली मूत्रपिंडे ठीक असल्याचे लिहिले होते. ही मोठी समाधानाची बाब, कारण लघवी तुंबत राहिली तर मूत्रपिंडे जातात.

मी विचारले, “साहेब, ह्यात कॅन्सर कोठे लिहिला आहे?”

ते म्हणाले, “कोठेच नाही. आणि नाही असेही लिहिलेले नाही. सोनोग्राफीला ते सांगताच येत नाही.”

पंचबोलचा प्रतिध्वनी समोर कडा आहे हे सांगतो, किती दूर ते सांगतो. तो कडा काळ्या दगडाचा की मुरमाचा, हे सांगत नाही. येथेही तसेच आहे. कर्करोगाचा भाग पुष्कळदा शेजारच्या भागापेक्षा कमी प्रतिध्वनी देतो, म्हणून पडद्यावर काळसर डाग दिसतो. पण जुनी सूज, जंतूंचा संसर्ग हेही तसेच डाग दाखवतात. उलट कर्करोगाचे कितीतरी भाग शेजारच्या भागाशी रंगाने इतके मिळतेजुळते असतात, की डोळ्यांना सापडतच नाहीत. ग्रंथी मोठी म्हणून कर्करोग, असे म्हणता येत नाही. ग्रंथी लहान म्हणून कर्करोग नाही, असेही म्हणता येत नाही.

पोत्यातला नमुना

मग निदान होते कसे? त्याच्या तीन पायऱ्या डॉक्टरांनी सांगितल्या. पहिली, हातमोजा घालून बोटाने तपासणे. ग्रंथीचा मागचा भाग बोटाला लागतो, आणि तेथेच कर्करोग बहुधा असतो. कडक, खडबडीत लागले तर शंका. ह्या तपासणीला खर्च काही नाही, यंत्र नाही, आणि तरीही रोगी आणि डॉक्टर दोघेही संकोचाने ती टाळतात. दुसरी, रक्तातील पी. एस. ए. नावाच्या प्रथिनाची तपासणी. साधारणपणे ४ च्या वर आकडा गेला की पुढे पाहतात. पण तो साध्या वाढीतही चढतो, संसर्गातही चढतो, लघवी अडून नळी घातली तरी चढतो. म्हणून आबाजींचे रक्त लगेच न घेता डॉक्टरांनी काही आठवडे जाऊ दिले. तरी आकडा ७.८ आला, आणि तिसरी पायरी चढावी लागली. ती म्हणजे सुईने ग्रंथीचे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे.

ही पायरी मला आमच्या बाजार समितीमुळे समजली. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारात तुरीची पोती गेली, की व्यापारी वरून पाहून भाव करीत नाही. तो टोकदार पोकळ सळई पोत्यात खुपसून आतले दाणे बाहेर काढतो. तेही एका ठिकाणाहून नव्हे. वरून, मधून, कोपऱ्यातून काढतो, कारण डागी दाणे कोठे असतील ह्याचा नेम नाही. प्रोस्टेटचे असेच आहे. पूर्वी डॉक्टर नुसत्या बोटाच्या अंदाजाने सुई घालीत. १९८९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या चित्रावर पाहत, ग्रंथीच्या ठरावीक सहा जागांतून नमुने घेण्याची पद्धत मांडली. पुढे सहाचे दहा-बारा झाले. सोनोग्राफीचे खरे मोल येथे कळते. ती चोर ओळखत नाही, पण पोलिसाला अंधारात घराचा नकाशा दाखवते. सुई कोठे चालली आहे हे पडद्यावर दिसते.

आबाजींचे बारा नमुने घेतले. आधी जंतुनाशक औषध दिले, जागा बधिर केली. वीस-पंचवीस मिनिटांत ते बाहेर आले. मी विचारले, “लय दुखलं का आबाजी?” म्हणाले, “दुखलं नाई, पन बारा डाव टक् टक् वाजलं. म्या मोजले ना!” लघवीतून दोन दिवस थोडे रक्त गेले. ते जाते, हे आधी सांगितले होते म्हणून आम्ही घाबरलो नाही.

ह्या पद्धतीलाही मर्यादा आहेत, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. बारा सळया घातल्या तरी पोत्यातला तेरावा कोपरा राहू शकतो. ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांवर केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सोनोग्राफीवर पाहून घेतलेल्या ठरावीक नमुन्यांना धोक्याच्या कर्करोगांपैकी निम्म्याहून थोडे कमी, म्हणजे शंभरांत ४८ सापडले. एम. आर. आय. तपासणीने ९३ हेरले. म्हणून आता शक्य तेथे आधी एम. आर. आय. काढून, संशयाची जागा ठरवून, मग सोनोग्राफीच्या साहाय्याने नेमकी तेथे सुई घालतात. दुसरीकडे सोनोग्राफीही थांबलेली नाही. सेकंदाला २ कोटी ९० लाख कंपनांची नवी यंत्रे निघाली आहेत. एम. आर. आय. वर आधारलेल्या पद्धतीपेक्षा ती कमी पडत नाहीत, असा निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाला. ज्या तालुक्यात एम. आर. आय. नाही, तेथे अशी यंत्रे पुढेमागे येतील तर फार मोठे काम होईल.

शेजारच्या खाटेवर

दहा दिवसांनी आबाजींचा निकाल आला. बाराही नमुन्यांत कर्करोग नव्हता. साधी वाढ होती. नळी निघाली, गोळ्या सुरू झाल्या. सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचे आहे, कारण ‘सापडला नाही’ आणि ‘नाहीच’ ह्यांत अंतर असते. परंतु हा लेख आमच्या सुटकेवर संपवला तर तो अर्धाच राहील.

आबाजी दवाखान्यात होते तेव्हा शेजारच्या खाटेवर अंजनगावकडचे एक गृहस्थ होते. वय आबाजींपेक्षा दोन-चार वर्षांनी कमीच. दोन वर्षांपूर्वी पोट दुखले म्हणून त्यांनी सोनोग्राफी केली होती. त्या कागदात प्रोस्टेट २४ सी. सी., म्हणजे आकाराने जवळजवळ ठीक, असे लिहिले होते. तो कागद त्यांनी पेटीत जपून ठेवला होता आणि मला काढून दाखवला. “पाहा, मशीनमध्ये निघालं होतं का काही?” असे ते विचारीत होते. पुढे त्यांची कंबर दुखू लागली. शेतकऱ्याची कंबर दुखणारच, असे म्हणून त्यांनी वर्षभर तेल लावले, पट्टा बांधला. शेवटी रक्त तपासले तेव्हा पी. एस. ए. कित्येक शेकड्यांत होते. कर्करोग ग्रंथीतून कमरेच्या हाडांत गेला होता.

कागद खोटा नव्हता. त्याने आकार सांगितला होता आणि आकार ठीकच होता. त्यांनी त्यात निर्दोषपणाचा दाखला वाचला. आम्ही आमच्या कागदात मृत्यूचे वॉरंट वाचले. दोन्ही घरांनी, जे कागदाला सांगता येत नव्हते तेच त्यात वाचले होते.

त्यांच्यावर उपचार सुरू झाले आहेत. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकांवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ती संप्रेरके बंद केली की पसरलेला रोगही काही वर्षे आवरता येतो. लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने किंवा किरणांनी बरा होऊ शकतो, आणि काही कर्करोग इतके सावकाश वाढतात, की नुसती नजर ठेवली तरी चालते. त्या गृहस्थांना मुंबईच्या टाटा रुग्णालयात नेले. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत त्यांच्या मुलाला जागा मिळाली. आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या त्या संताच्या नावाने उभ्या राहिलेल्या वास्तूत आज गावोगावचे कर्करोगी उतरतात, ही गोष्ट मला ह्या निमित्ताने कळली. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. २०१२ साली ती दुसऱ्या नावाने प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. वावर विकण्याआधी दवाखान्यात त्या योजनेची चौकशी करावी, एवढे सांगून ठेवतो.

शेवटी

इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत कर्करोगाची देशातील पहिली लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी सुरू केली. खेड्यांसाठी अशी नोंदणी १९८७ साली बार्शीला सुरू झाली. मुंबई, पुणे अशा शहरांच्या नोंदींत प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषांच्या पहिल्या काही कर्करोगांत आहे. खेड्यांच्या नोंदींत तो पुष्कळ खाली आहे. खेड्यातले आयुष्य, आहार, राहणी ही त्याची कारणे असतील. पण जेथे बोटाची तपासणीही होत नाही, तेथे रोग नोंदीत येणार कसा, असाही प्रश्न मनात येतो.

प्रत्येक म्हाताऱ्याने धावत जाऊन रक्त तपासावे, असे माझे म्हणणे नाही. निरोगी माणसांची सरसकट तपासणी करावी की नाही, यावर डॉक्टरांतच मतभेद आहेत, कारण निरुपद्रवी कर्करोग सापडून नको ते उपचार होण्याचीही भीती असते. माझे म्हणणे त्याहून लहान आहे. ज्याला त्रास आहे त्याने तो बोलावा, आणि खाऱ्या पाण्यावर ढकलू नये. कागद हाती आला की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. ही सोनोग्राफी पोटावरून झाली की आतून? ह्यातून काय कळले? आणि काय कळले नाही? हे तिसरे विचारायचे धाडस मला उशिरा झाले.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात इंग्रजी कागद वाचणारे आपण एकटेच आहोत. लोक आपल्यावर विश्वास ठेवतात. आपल्याला जे समजले नाही ते समजले असे दाखवले, तर त्याचा भार दुसऱ्या कोणाच्या जेवणावर आणि झोपेवर पडतो. शब्द अडला तर ग्रंथालयात जा, सरांना विचारा, डॉक्टरांना पुन्हा विचारा. आणि ह्या सुट्टीत घरी गेलात, की आपले आजोबा रात्री किती वेळा उठतात, एवढे पाहा.

आबाजींची खाट पुन्हा ओसरीत आली आहे. परवा ते शेगावला जाऊन आले. वाटेत त्यांच्या सोबतीचे एक म्हातारबुवा एस. टी. थांबवा म्हणून कंडक्टरशी भांडत होते. आबाजी त्यांना म्हणाले, “मशीनवर जाऊन ये एक डाव. ते कायी बायायचीच नसते.”